फळ्यावरचा दिनविशेष

मराठी समीक्षकांनी कादंबरीची समीक्षा केली, नवकवितेची केली, ज्यांना कोणी वाचलं नव्हतं अशा लेखकांचीसुद्धा केली. पण घरोघरी सकाळच्या चहाबरोबर जो वाङ्मयप्रकार वाचला जातो, त्या दिनविशेषाकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. वास्तविक मराठी माणसाच्या कानावर पडणारं पहिलं साहित्य तेच. शाळेच्या परिपाठात प्रार्थना, सुविचार आणि दिनविशेष. वाचणाऱ्या पोराचं सगळं लक्ष सन चुकू नये याकडे आणि ऐकणाऱ्यांचं पायाला आलेल्या मुंग्यांकडे.

मी समीक्षक नव्हे. पण गेली तीन वर्षं मी या प्रकारात नियमित लेखन करतो आहे. वाकोल्याला आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली एक फळा आहे. पूर्वी त्यावर 'उद्या पाणी येणार नाही' एवढंच साहित्य प्रसिद्ध होत असे. मी निवृत्त झालो त्याच आठवड्यात सेक्रेटरी म्हणाले, "काका, तुमचं अक्षर छान आहे. रोज दिनविशेष लिहीत जा ना." माणूस निवृत्त झाल्यावरच त्याचं अक्षर छान असल्याचं सोसायटीच्या लक्षात येतं. मीही हो म्हटलं. लेखक व्हायची इच्छा होतीच, खडूने का होईना.

अनुभवाने सांगतो, या वाङ्मयाची शैली फार घट्ट आहे. आधी घटना, मग जन्म, मग मृत्यू. क्रियापदाचा खर्च शक्यतो नाही. 'थोर समाजसुधारक अमुक यांचा जन्म.' बस्स. म्हणजे दिनविशेषात बाळ कधी जन्माला येतच नाही, थेट थोर समाजसुधारकच येतो. त्याला दात येत नाहीत, तो गणितात नापास होत नाही; जन्मतो तो मोठा होऊनच आणि पुढची नोंद थेट पुण्यतिथीची. मधलं सगळं आयुष्य गाळलेल्या जागेसारखं. शिवाजी महाराजांच्या बाबतीत तर तारखेने की तिथीने, हा प्रश्न असतोच. मी दोन्ही दिवशी लिहितो. त्यामुळे दोन्ही पक्ष माझ्यावर अर्धे-अर्धे नाराज आहेत.

पण या प्रकाराचा एक गुण मान्य केला पाहिजे. त्याच्यासारखी पंगत दुसरीकडे कुठे बसत नाही. सव्वीस जुलैचंच घ्या. आमच्या फळ्यावर नेमक्या पाच ओळी मावतात, आणि त्या दिवशी मी त्या अशा भरल्या होत्या :

१८५६ : नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचा जन्म.
१९०२ : राजर्षी शाहू महाराजांकडून कोल्हापूर संस्थानात ५० टक्के आरक्षण.
१९५३ : क्युबात कॅस्ट्रोंचा मोंकाडा बराकींवर हल्ला.
१९५६ : नासर यांच्याकडून सुवेझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण.
१९९९ : कारगिल विजय दिवस.

बघा कशी मंडळी! शॉसाहेब म्हणजे आमच्या दृष्टीने 'ती फुलराणी'चे आजोबा. त्यांच्या शेजारी कोल्हापूरचे महाराज, पलीकडे दाढीवाले कॅस्ट्रो. (त्यांचा तो हल्ला फसला, पण चळवळीला नाव मिळालं '२६ जुलै चळवळ'. तारखेचा इतका मान आम्ही दिनविशेषवालेही ठेवत नाही.)

आता दोष. दिनविशेष 'काय' सांगतो आणि 'कधी' सांगतो. 'का' म्हणून विचारलं की तो दुसऱ्या दिवसावर गेलेला असतो. १९०२ ची ओळ वाचून वाटतं, महाराज एका सकाळी उठले आणि हुकूम काढला. खरं म्हणजे तो हुकूम निघाला तेव्हा महाराज इंग्लंडात होते. आणि तो का निघाला, हे कळायला मागे १८९४ पर्यंत जावं लागतं. त्या साली त्यांनी कारभार हाती घेतला तेव्हा दरबारच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० एकाच जातीचे होते, ब्राह्मण. हे ७१ आणि ६० चे आकडे ओळीत नसले, तर ५० टक्क्यांचा अर्थ काय कळणार? कारगिलचंही तेच. दिवस एक, पण त्या एका दिवसामागे दोन-अडीच महिने रात्री-अपरात्री चढलेले कडे आणि ५२७ जवान आहेत. ते ओळीत मावत नाहीत. हा दोष खडूचा नाही, प्रकाराचाच आहे.

इतकं गंभीर चिंतन मी पाचवी ओळ संपवून हात झटकताना करत होतो, तेवढ्यात तळमजल्यावरच्या वहिनी दूध घेऊन आल्या. फळा वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाल्या, "भावजी, आपलं राहिलं."

"आपलं काय?"

"पाणी."

मला आधी वाटलं, उद्या पाणी येणार नाही हे लिहायचं राहिलं. मग उजेड पडला, आणि जिन्याखालच्या त्या अंधारात तो चांगलाच बोचला. सव्वीस जुलै २००५. ज्या फळ्यावर मी लिहीत होतो तो त्या दिवशी बुडाला होता. आणि मी तिथेच उभा राहून सुवेझ कालव्याची काळजी करत होतो. आमच्या वाकोल्याच्या नाल्याला ओळ नव्हती!

त्या पावसाचा आकडा सगळ्यांना पाठ आहे : २४ तासांत ९४४ मिलिमीटर. वर्षभराच्या पावसाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, तोही एका दिवसात. मुंबईत चारशेहून अधिक माणसं गेली. आकडा सांताक्रूझच्या वेधशाळेचा. पाणी वाकोल्यात आणि नाव सांताक्रूझचं, ही आमची जुनीच तक्रार आहे. पत्त्यातसुद्धा आम्ही 'सांताक्रूझ (पूर्व)' म्हणूनच सापडतो. गंमत म्हणजे त्याच २४ तासांत कुलाब्याला पडला अवघा ७३ मिलिमीटर. शहर एक, तारीख एक. एका टोकाला छत्री पुरली आणि दुसऱ्या टोकाला नाला मिठी नदीपर्यंत जायचं सोडून उलटा घरात आला.

वहिनींचे यजमान त्या दिवशी फोर्टमध्ये, म्हणजे छत्रीच्या टोकाला होते. चार वाजता ऑफिसातून निघाले. गाड्या बंद. चालत सुटले. इकडे कमरेएवढं पाणी आल्यावर आम्ही वहिनींना दुसऱ्या मजल्यावर आमच्याकडे आणलं. वीज नाही, फोन नाही. रात्री कधीतरी माझा डोळा लागला. (शेजाऱ्यावरचं संकट कितीही मोठं असो, झोप स्वतःची असते.) जागा झालो तेव्हा ते येऊन पोचले होते. अंगावर चिखल, चप्पल एकच, आणि हातात जेवणाचा स्टीलचा डबा. हायवेवर छातीएवढ्या पाण्यात तो त्यांनी डोक्यावर धरला होता. डब्यात वहिनींच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या होत्या, फोर्टात घेतलेल्या. एकसुद्धा भिजली नव्हती.

ते गेले त्याला आता चार वर्षं झाली. वहिनींनी त्यांच्याबद्दल काही म्हटलं नाही. फक्त 'पाणी' म्हणाल्या.

मी फडकं घेतलं आणि सुवेझ कालवा पुसला. इजिप्तची क्षमा मागून त्या जागी लिहिलं : '२००५ : वाकोल्यात पूर. सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मि.मी. पाऊस.' दिवसभर फळ्यापाशी माणसं थांबत होती. शॉसाठी कोणी थांबलं नव्हतं. पेपरवाला म्हणाला, आम्ही बसच्या टपावर रात्र काढली. समोरच्या वाण्याने तांदळाची पोती मोजून दाखवली. जे तेव्हा जन्मालाही आले नव्हते ते शाळकरी विचारत होते, "काका, इथपर्यंत? या फळ्यापर्यंत?" तीन वर्षांच्या लेखनात मला पहिल्यांदा वाचक मिळाले.

संध्याकाळी एक नवीनच शोध लागला. वेधशाळा पाऊस मोजते तो सकाळी साडेआठला, आणि आधीच्या २४ तासांचा आकडा त्या सकाळच्या तारखेखाली मांडते. म्हणजे ते ९४४ तिच्या वहीत २७ जुलैचे! आमचा सव्वीस जुलै सरकारी दप्तरात सत्तावीसला पोचलेला आहे. थोडक्यात, पाऊससुद्धा वहिनींच्या यजमानांसारखाच रात्रभर चालत होता.

दिनविशेषावरचा माझा शेवटचा आक्षेप हाच. त्याला तारखा कळतात, दोन तारखांमधली रात्र कळत नाही. निघणं एका पानावर, पोचणं दुसऱ्या. आणि खरी माणसं बहुधा त्या मधल्या जागेत असतात. कुणाची तरी गोळी डोक्यावर धरून.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी फळा स्वच्छ पुसला. २०१५ : माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचं निधन, हे लिहिलं. खाली वेधशाळेची नोंद लिहिली. आणि त्याखाली, या वाङ्मयप्रकाराचे सगळे नियम मोडून, क्रियापदासकट : '२००५ : आपल्या इमारतीतले एक गृहस्थ फोर्टहून चालत सकाळी सहा वाजता घरी पोचले.'

सेक्रेटरींनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता पाण्याचं बिल भरायला गेले. मग वहिनी आल्या. दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. बराच वेळ वाचत राहिल्या.

"सहा नव्हे, भावजी. सव्वासहा," त्या म्हणाल्या. "तुम्ही झोपला होतात. मी घड्याळ बघत होते."

मी चूक दुरुस्त केली.