बचत, शिस्त आणि अमानत

मंडळी, आज सुरुवात एका मातीच्या डुकरापासून करतो. जावा बेटावर, जुन्या मजापहित राज्याच्या त्रोवुलान परिसरात डुकराच्या आकाराचे गल्ले सापडलेत. तिथे गल्ल्याला ‘चेलेंगान’ म्हणतात. ‘चेलेंग’ म्हणजे रानडुक्कर. आज मदरशातली मुलंही बिनदिक्कत हाच शब्द वापरतात. असो.

इंडोनेशियात 2015 पासून ‘सिम्पेल’ हे विद्यार्थ्यांचं बचत खातं आहे. इस्लामी बँकांत त्याचं रूप ‘सिम्पेल आयबी’. शाळा आणि बँक करार करतात. हजार रुपियात, म्हणजे आपल्या पाच-सहा रुपयांत, खातं उघडतं. व्याज नाही, कारण रिबा निषिद्ध. ठेव ‘वदिआ’ तत्त्वावर, म्हणजे अमानत म्हणून ठेवता येते. मुद्दल परत द्यायला बँक बांधील. वर काही दिलं तर ते बक्षीस, आधी कबूल केलेलं नव्हे.

आमच्या शाळेत संचयिका होती. गुरुजी व्याजाचं आमिष दाखवायचे. त्यातून आम्ही शिस्त शिकलो की हाव, हे मला अजून सांगता येत नाही. वदिआत ते आमिषच काढून टाकलंय, म्हणून नैतिक शिक्षण म्हणून ती योजना मला वरची वाटते.

पण थांबा. गझालीने पैशाला आरशाची उपमा दिली आहे: त्याला स्वतःचा रंग नाही, तो सगळे रंग दाखवतो. कंजुषी आणि उधळपट्टी यांच्या मधली वाट तो सद्गुणाची मानतो, अगदी ॲरिस्टॉटलसारखी. मग वहीत फक्त जमा रक्कम मोजायची आणि तिला चारित्र्य म्हणायचं, हे त्याला पटलं असतं? मला शंका आहे. कित्येक शाळांत शिक्षकच पैसे गोळा करून वहीत नोंदवतात आणि वर्षाअखेरीस परत करतात. कधी, कशावर, कुणासाठी खर्च करायचा, हा निर्णय मुलाकडे येतच नाही. सवय कृतीने लागते हे खरं, पण कृती स्वतः निवडलेली हवी ना!

आणि ज्याच्या खिशात काहीच नाही, त्याचं काय? एका वर्षी वडिलांचा पगार थांबला होता. माझ्या संचयिकेच्या पुस्तकात दोन महिने कोरे राहिले. गुरुजींनी भर वर्गात कारण विचारलं. मी सांगितलं, पुस्तक हरवलंय. आर्थिक शिस्तीच्या तासाला मी खोटं बोलायला शिकलो, बघा.

अमानत या शब्दात सांभाळणाऱ्यावरही जबाबदारी असते. हिशेब त्यानेही द्यायचा असतो. मदरशातल्या मुलांना हे शिकवायला धर्मग्रंथ आड येत नाही, उलट आधारच देतो. वर्षातून एकदा मुलांनीच शिक्षकांची वही तपासायला मागितली, तर किती शाळा ती देतील?