साक्षी आणि कर्ता : ‘आयरनीज ऑफ ऑटोमेशन’ पुन्हा वाचताना

मंडळी, आज एका छोट्या निबंधाबद्दल बोलायचं आहे. १९८३ साली ‘ऑटोमॅटिका’ या नियतकालिकात लिझान बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तो लिहिला. अवघी पाच पानं. त्यांच्यासमोर प्रामुख्याने होते ते कारखान्यांतले नियंत्रणकक्ष, पण निबंध सर्वांत जास्त लागू पडला तो विमानाच्या ऑटोपायलटला.

बाईंचं म्हणणं थोडक्यात असं. यंत्रणेची रचना करणारा माणसाला बेभरवशाचा समजतो, म्हणून त्याच्या हातून कामं काढून घेतो. जी कामं यंत्राला जमत नाहीत तेवढीच माणसाकडे उरतात, म्हणजे सर्वांत अवघड तीच. शिवाय रोजचा हात मोडलेला असतो. आणि वर त्याला सांगितलं जातं, यंत्रावर लक्ष ठेव. जिथे काहीच घडत नाही अशा गोष्टीकडे कितीही मन लावलं तरी माणूस अर्ध्या तासापेक्षा जास्त नीट बघू शकत नाही, हे त्यांनी जुन्या प्रयोगांच्या आधारे सांगितलं आहे. मला प्रयोगांची गरज नव्हती. पस्तीस वर्षं मी परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षण केलं आहे. तीन तास मुलांकडे बघत बसायचं. अर्ध्या तासानंतर डोळे उघडे असतात, बघणारा मात्र तिथे नसतो! (हशा)

सुरुवातीला या यंत्राचं कौतुक कसं झालं ते बघा. जून १९१४, पॅरिसजवळ सीन नदीकाठी लॉरेन्स स्पेरी या एकवीस वर्षांच्या अमेरिकन तरुणाने जायरोस्कोपवर चालणारं आपलं उपकरण दाखवलं. प्रेक्षकांसमोरून विमान नेताना त्याने दोन्ही हात वर केले, आणि त्याचा मेकॅनिक चक्क पंखावर चालत गेला. विमान कललं की यंत्र ते सरळ करी. १९३३ मध्ये वायली पोस्टने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तीही अशाच यंत्राच्या भरवशावर. थकलेल्या माणसाला विसावा, एवढीच तेव्हा कल्पना होती. तिच्यात वावगं काही नाही. पुढे १९६५ पासून प्रवासी विमानं आपोआप उतरूही लागली. प्रवास अधिक सुरक्षित झाला, हे मी नाकारत नाही. नाकारणारा माणूस अप्रामाणिक ठरेल.

आता १ जून २००९. एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं उड्डाण, रिओहून पॅरिसकडे, एअरबस ए-३३०, आत २२८ माणसं. अटलांटिकवर ३५,००० फुटांवर वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांत बर्फाचे स्फटिक अडकले. वेगाचे आकडे जुळेनात, तेव्हा ऑटोपायलटने नियमाप्रमाणे स्वतःला बाजूला केलं. कॅप्टन विश्रांतीला गेलेले, पुढे दोन सहवैमानिक. एकाने नाक वर खेचलं आणि बराच काळ खेचूनच धरलं. विमान वर चढलं, वेग गेला, पंखांची उचल गेली. याला स्टॉल म्हणतात. नळ्या तर मिनिटाच्या आत मोकळ्या झाल्या होत्या. पण ऑटोपायलट सुटल्यापासून साडेचार मिनिटांच्या आत विमान समुद्रात होतं.

यातली एक गोष्ट मला झोपू देत नाही. स्टॉलचा इशारा सत्तरहून अधिक वेळा वाजला. मात्र नोंदलेला वेग साठ नॉटच्या खाली गेला की संगणक ती मापं अग्राह्य धरी आणि इशारा बंद होई. म्हणजे बघा, नाक खाली केलं, जे करायला हवं होतं तेच केलं, की वेगाचा आकडा परत येई आणि भोंगा सुरू. पुन्हा खेचलं की शांतता. चूक केली की शाबासकी, बरोबर केलं की रट्टा! अशा शाळेत कोण काय शिकेल?

सांख्यांचा पंगु-अंध न्याय तुम्हाला ठाऊक आहे. पुरुष पांगळा पण डोळस, प्रकृती आंधळी पण चालणारी, पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर. वैमानिकाला आपण असाच साक्षी करून बसवला. पण सांख्यांचा पुरुष मुळातच अकर्ता आहे, त्याला कधी कुणी ‘आता तू चाल’ म्हणत नाही. इथे चालणाराच भर रानात, अंधारात, पांगळ्याला खाली ठेवतो. आणि हा काही जन्माचा पांगळा नव्हे. वर्षानुवर्षं खांद्यावर बसवून आपणच त्याचे पाय आखडवले.

बेनब्रिजबाईंना हे अर्धं दिसलं होतं. यंत्रणा जितकी यशस्वी तितका माणसाच्या प्रशिक्षणावर खर्च जास्त लागेल, असं त्या बजावतात. इथे माझा त्यांच्याशी मतभेद आहे. सरावाचा उपाय सांगताना सरावाला जागा उरली आहे का, हा प्रश्न त्या विचारत नाहीत. २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात विमानांमध्ये आता उभं अंतर अवघं हजार फूट असतं, आणि एवढी उंची काटेकोर राखायची म्हणून तिथे ऑटोपायलट लावण्याचीच अपेक्षा असते. ४४७ याच पट्ट्यात होतं. म्हणजे जिथे हात चालवण्याची वेळ आली, तिथे हात चालवायला एरवी मज्जाव. सिम्युलेटर आहे, मान्य. पण तिथे शिरतानाच माणसाला माहीत असतं की आज काहीतरी बिघडणार आहे.

जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने कंपन्यांना सूचना केली, योग्य असेल तेव्हा वैमानिकांना हाताने विमान चालवायला प्रोत्साहन द्या. सूचना, सक्ती नव्हे. २०२३ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने विमानकंपनी आणि उत्पादक दोघांनाही मनुष्यवधाच्या आरोपातून सोडलं. हयगयी झाल्या, असं न्यायालय म्हणालं, पण त्यांच्यामुळेच अपघात झाला हे निश्चितपणे सिद्ध होत नाही. त्यावर अपीलही झालं. कार्यकारणभाव म्हणजे काय, हे मी वर्गात ह्यूमच्या बिलियर्डच्या चेंडूंवरून शिकवत आलो. यंत्र सुटलं, माणसाने खेचलं, भोंगा थांबला, माणसाने आणखी खेचलं. यात कर्ता कोण, हे आज मला त्या चेंडूंवरून सांगता येणार नाही. तुमच्यापैकी कुणी विमान चालवलं असेल तर आधी त्यांना बोलू द्या.