छायाचित्राला साक्षीदार लागतो
२०२३ साली बोरिस एल्डागसेन या जर्मन कलावंताने सोनी जागतिक छायाचित्रण स्पर्धेतला पुरस्कार नाकारला. चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेनं केलेलं होतं. हे छायाचित्रण नव्हे, असं त्यांनीच सांगितलं. आम्ही ते पाहिलं. कृष्णधवल, दोन बायका. देखणं आहे, कबूल! पण त्या बायका कधी जन्मल्याच नाहीत.

आता १९८४चं भोपाळ आठवा. रघु राय यांनी टिपलेला, मातीआड होत चाललेला तो लहानग्याचा चेहरा. तिथे एक माणूस कॅमेरा घेऊन उभा होता.

कल्पना काय, यंत्रही करील. उद्या आपल्याहून सरस करील. पण कुठे उभं राहायचं, कळ कधी दाबायची आणि दाबावी की नाही, याचं उत्तरदायित्व यंत्र घेत नाही. छायाचित्रातली सर्जनशीलता आम्ही तिथे शोधतो.