पीळ आणि स्फटिक

सियालदह स्टेशनाबाहेर पडून पश्चिमेकडे निघालं की बउबाजारचा रस्ता लागतो. त्याचं आजचं नाव बिपिन बिहारी गांगुली स्ट्रीट. याच रस्त्यावर 210 क्रमांकाच्या जागेत महेंद्रलाल सरकारांनी 1876 साली स्थापन केलेली इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स होती. 28 फेब्रुवारीला आपण शाळाशाळांतून विज्ञान दिन साजरा करतो, तो 1928 मध्ये इथे लागलेल्या शोधाचा. त्या शोधात रामन यांच्याबरोबर राबलेले के. एस. कृष्णन यांची आठवण त्या दिवशी क्वचितच निघते. त्यांचा स्वतःचा जो प्रयोग मला सर्वांत देखणा वाटतो, त्याची तर नाहीच.

1928 च्या अखेरीस कृष्णन ढाक्याला गेले. त्या काळी ढाक्याची वाट सियालदहहूनच सुरू होई: गोआलंदोपर्यंत आगगाडी, पुढे आगबोट. तिथे बी. सी. गुहा आणि एस. बॅनर्जी यांच्यासह त्यांनी स्फटिकांच्या चुंबकीय वागण्यावर लेखमाला सुरू केली. पहिला लेख 1933 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. त्याच वर्षी ते बउबाजारला परतले आणि 1942 पर्यंत तिथे राहिले.

नॅप्थलिनचा स्फटिक घ्या. कपड्यांत ठेवायच्या डांबरगोळीतला पदार्थ. चुंबक त्याला अगदी किंचित दूर सारतो, पण सर्व दिशांनी सारखं नाही. हा दिशांमधला फरक मोजायचा कसा? बळ इतकं क्षीण की ते सरळ मोजू पाहणाऱ्याची दमछाक व्हावी.

कृष्णन यांनी स्फटिक क्वार्ट्झच्या बारीक तंतूला टांगला आणि एकसारख्या चुंबकीय क्षेत्रात सोडला. अशा क्षेत्रात तो इकडेतिकडे ओढला जात नाही, फक्त वळतो आणि आपल्या पसंतीच्या दिशेला स्थिरावतो. मग तंतूचं वरचं टोक सावकाश फिरवायचं. एक फेरा, दोन फेरे, आणखी. तंतूत पीळ साठत जातो आणि खाली स्फटिक जेमतेम हलतो, कारण क्षेत्राने त्याला धरून ठेवलेलं असतं. तो आपल्या जागेपासून 45 अंशांच्या जवळ सरकला की क्षेत्राची पकड कमाल होते. त्यापुढे ती ढिली पडत जाते, पीळ मात्र तसाच असतो; स्फटिक एकदम सुटून गर्रकन फिरतो. त्या क्षणापर्यंत वर किती अंश फिरवले, एवढंच वाचायचं. त्यातून 45 अंश वजा केले की जे उरतं, ते दिशांमधल्या फरकाच्या प्रमाणात असतं.

बळ मोजायचा हट्टच कृष्णन यांनी सोडून दिला, यातच मला या युक्तीचं सगळं सौंदर्य दिसतं. त्यांनी चुंबकत्वासमोर स्थितिस्थापकता उभी केली आणि पहिलं हरतं केव्हा याची वाट पाहिली. निकाल डोळ्यांना साध्या दिसणाऱ्या उडीतून मिळतो, आणि फेरे जितके जास्त तितकी एखाद्या अंशाची चूक नगण्य होते. क्वार्ट्झची निवडही अचूक. पीळ सोडला की हा तंतू बिनतक्रार मूळ जागी परततो; असा भरवशाचा साक्षीदार नसता तर सारा हिशेब ढासळला असता.

या आकड्यांतून स्फटिकाच्या पोटातलं दृश्य उलगडलं. बेंझिनसारख्या वलयाच्या रेणूवर चुंबकाचा परिणाम वलयाच्या पातळीला लंब दिशेत कितीतरी जास्त असतो. म्हणून फरक कळला की रेणू कसे कलले आहेत हेही सांगता येतं. 1936 मध्ये कृष्णन यांनी कॅथलीन लॉन्सडेल यांच्यासह हे नातं गणिती रूपात मांडलं.

आज बिस्मथ फेराइटसारख्या मल्टिफेरॉइक पेरोव्हस्काइटांची चर्चा आहे. सामान्य तापमानालाच त्यांत विद्युत ध्रुवण आणि चुंबकीय रचना एकत्र नांदतात, आणि अणूंच्या जाळीवर ताण दिला की दोन्हींचा तोल बदलतो. कृष्णन यांच्या प्रयोगात लवचीकपणा तंतूकडे आणि चुंबकत्व स्फटिकाकडे, अशी स्वच्छ वाटणी होती. इथे दोन्ही एकाच स्फटिकात गुंतलेले, म्हणून मोजणारा जास्त अडचणीत. तरीही अशा नव्या स्फटिकांचं वळणबळ मोजताना तो पुष्कळदा नमुना सिलिकॉनच्या इवल्या पट्टीवर चिकटवतो, क्षेत्र फिरवतो आणि पट्टी किती वाकली ते पाहतो.