एकाच पाटीवर फुली आणि बाण

बोगद्याच्या तोंडाशी, प्रत्येक लेनच्या डोक्यावर एक चौकोनी काळी पाटी असते. तिच्यावर दोनच खुणा उमटतात. लेन बंद असेल तर लाल फुली, चालू असेल तर खाली टोक असलेला हिरवा बाण. रस्त्यावरच्या खुणांसाठी १९६८ साली व्हिएन्नात जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात ही जोडी आहे. भाषा न कळणाऱ्यालाही ती कळते, आणि लाल-हिरव्यात गफलत होणाऱ्या डोळ्यांनाही आकारावरून कळते. मी लिहिणार आहे ते या पाटीच्या एका विशिष्ट घडणीबद्दल, काचेच्या तंतूंमधून उजळणाऱ्या पाटीबद्दल. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत युरोप-अमेरिकेतल्या रस्त्यांवर ती होती. ब्रिटनच्या रेल्वेत सिग्नलच्या माथ्यावर गाडीचा पुढचा मार्ग सांगणारं अक्षर किंवा आकडाही याच रीतीने उजळायचा. एलईडी आल्यावर ती मागे पडली. पण पाटी घडवणं ही कला मानली, तर तिच्याइतकी विचारपूर्वक घडवलेली दुसरी पाटी मला माहीत नाही.

ती पाहायला सुरुवात करावी ती विझलेली असताना. समोर दिसतो फक्त काळा पत्रा. जवळ गेलं तर त्यात काही मिलिमीटर व्यासाची भोकं दिसतात, प्रत्येकात काचेचा एक लहानसा डोळा. चार पावलं मागे आलं की भोकं नाहीशी होतात. फुलीची पुसट रेषा नाही, बाणाची सावली नाही. हे कोरेपण फुकट मिळत नाही. जुन्या सिग्नलात रंगीत काच असे आणि तिच्यामागे चकचकीत परावर्तक. सकाळ-संध्याकाळचं कलतं ऊन थेट आत शिरे, परावर्तकावर आपटून रंगीत होऊन बाहेर येई, आणि बंद दिवा पेटल्यासारखा दिसे. चालकाच्या दृष्टीने हा खोटा हुकूमच. तंतूंच्या पाटीत उन्हाला पकडायला मोठी काच नाही, मागे आरसा नाही. पत्र्यावर पडलेलं ऊन मॅट काळा रंग गिळतो. भोकात शिरलेलं ऊन तंतूंतून आत दिव्यापर्यंत जातं आणि त्यातलं फार थोडं परत फिरतं. आपल्याला उजेड दिसतो म्हणून आपण उजेडाची तारीफ करतो. या पाटीच्या कारागिराने मात्र पहिली मेहनत काळोखावर घेतलेली आहे, आणि फुली पेटल्यावर ती एवढी धारदार का दिसते याचं निम्मं उत्तर या काळोखातच आहे.

आता मागचं दार उघडू. भोकं शेकड्याने आहेत, म्हणून आत दिवेही तेवढेच असतील असं वाटतं. प्रत्यक्षात फुलीसाठी एक दिवा आहे आणि बाणासाठी एक. साधारण पन्नास वॉटचे छोटे हॅलोजन, स्लाइड प्रोजेक्टरमध्ये असायचे त्या जातीचे. दिव्याचा परावर्तक असा, की दिसणारा प्रकाश तो पुढे फेकतो आणि बरीचशी उष्णता पाठीमागे निघून जाऊ देतो. पुढे लाल किंवा हिरवी काच. काचेपुढे तंतूंच्या जुडीचं तोंड. केसापेक्षाही बारीक असे हजारो काचतंतू एका धातूच्या टोपीत घट्ट बसवलेले, रेझिनने चिकटवलेले, आणि मग घासून आरशासारखे गुळगुळीत केलेले. बोटाच्या पेराएवढ्या त्या चकतीवर दिव्याचा सगळा झोत एकवटतो. चकतीच्या मागे जुडीला फाटे फुटतात. एकेक फाटा पाटीच्या एकेका भोकापर्यंत जातो आणि तिथे संपतो. उजेड जिथे जन्मतो ती जागा आणि तो जिथे दिसतो ती जागा, यांची इथे फारकत झालेली आहे. पाटीवरचा एकही ठिपका स्वतः जळत नाही.

या जुडीत एक गोष्ट नजरेआड असते, आणि मला सगळ्यात जास्त मोह तिचाच पडतो. दिव्याचा झोत एकसारखा कधीच नसतो. मध्ये प्रखर, कडेला मंद, कुठे टंगस्टनच्या वेटोळ्याची छाप. समजा, जुडीच्या तोंडाशी शेजारी असलेले तंतू पाटीवरही एकाच भोकात गेले, तर मधल्यांचा ठिपका लखलखीत दिसेल आणि कडेच्यांचा फिका. फुलीची एक भुजा उजळ, दुसरी आजारी. म्हणून जुडी बांधताना तंतूंची मुद्दाम सरमिसळ करतात. एका ठिपक्याला मिळणारे शेकडो तंतू जुडीच्या तोंडावर चहूकडे विखुरलेले असतात: काही मधले, काही काठावरचे, काही अधलेमधले. प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला झोताचं सगळं बरंवाईट सारख्या मापाने येतं. दिवा जुना होऊन काळवंडू लागला, किंवा बदलताना किंचित वाकडा बसला, तरी सगळे ठिपके मिळूनच मंदावतात.

या सरमिसळीचं मोल कळायला थोडं मागे जावं लागतं. पाण्याच्या वाकत्या धारेत प्रकाश अडकून तिच्याबरोबर वळतो, हे जिनिव्हाच्या डॅनिएल कोलाडॉनने १८४१ मध्ये दाखवलं आणि १८५४ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडलने. दाट माध्यमातून विरळ माध्यमाच्या सीमेवर प्रकाश पुरेसा तिरका आला की तो बाहेर न पडता आतच उलटतो. शाळेत शिकलेलं हेच ते पूर्ण आंतरिक परावर्तन. काचेच्या नुसत्या तंतूत मात्र ते टिकत नाही. तंतू एकमेकांना टेकले, धूळ-तेल लागलं, की प्रकाश गळतो. २ जानेवारी १९५४ च्या ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन टिपणं आली. एक हॉलंडच्या व्हान हीलचं. तंतूवर कमी अपवर्तनांकाचं आवरण चढवा, म्हणजे सीमा आतच राहील आणि स्पर्शाने बिघडणार नाही, ही त्याची कल्पना. दुसरं हॅरल्ड हॉपकिन्स आणि नरिंदर सिंग कपानी यांचं. पंजाबातल्या मोग्यात जन्मलेले कपानी तेव्हा लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॉपकिन्सच्या हाताखाली काम करत होते. त्या दोघांना तंतूंमधून चित्र न्यायचं होतं, म्हणजे पुढे वैद्याला शरीराच्या आत पाहता यावं. चित्र न्यायचं तर प्रत्येक तंतूची जागा दोन्ही टोकांना तीच हवी. एक तंतू इकडचा तिकडे झाला की चित्रात डाग पडला.

पाटी बनवणाऱ्याने तीच सामग्री घेतली आणि एका टोकाची शिस्त जाणूनबुजून मोडली. दिव्याच्या बाजूला पूर्ण गोंधळ, रस्त्याच्या बाजूला काटेकोर रचना. आपल्याला दिसते ती दुसरी बाजू, पण तिची सफाई पहिल्या बाजूच्या गोंधळावर उभी आहे.

आता फुली आणि बाण एकाच पत्र्यावर कसे नांदतात ते पाहू, कारण चित्रकार म्हणून घडवणाऱ्याची खरी परीक्षा तिथे आहे. फुलीच्या दोन्ही भुजा मध्यावर छेदतात. बाणाचा दांडा नेमका त्याच मध्यातून खाली उतरतो. एकाच जागेवर दोघांचा हक्क. लाल ठिपके बाजूला सरकवले तर फुलीच्या पोटात पोकळी दिसते. हिरवे सरकवले तर दांडा वाकतो. यावर एक तोड अशी, की मध्यावर लाल आणि हिरव्या ठिपक्यांच्या जोड्या अगदी खेटून बसवायच्या. सरकणं एवढं थोडं, की रस्त्यावरून कोणाच्या लक्षात येत नाही. दुसरी तोड मला अधिक देखणी वाटते. मधल्या भोकांत अर्धे तंतू लाल दिव्याकडून आणायचे आणि अर्धे हिरव्याकडून. एकच भोक कधी फुलीचं असतं, कधी बाणाचं. मात्र अर्धेच तंतू मिळाल्याने तो ठिपका फिका पडायला नको, म्हणून तिथे तंतू वाढवून द्यावे लागतात. हे सगळे हिशेब पत्र्याला भोक पाडण्याआधी कागदावर झालेले असतात. नंतर बदल नाही.

ठिपक्यांमधलं अंतर किती ठेवायचं, हे डोळा ठरवतो. निरोगी डोळ्याला साधारण एका कला-कोनाएवढी, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढी, फट जाणवते. शंभर मीटरवरून ही फट भरते सुमारे २९ मिलिमीटर. ठिपके पंचवीस मिलिमीटरवर मांडले, तर शंभर मीटरवरून ते जुळून सलग रेघ होते, आणि जवळ येताना रेघ पुन्हा ठिपक्यांत विरते. रांगोळीत ठिपके हाताने जोडावे लागतात. इथे ते अंतरच जोडतं. रात्री अडचण उलटी होते. काळोखात प्रखर ठिपका डोळ्यात पसरतो, रेषा सुजतात, फुलीच्या कोपऱ्यांत उजेड साचतो. म्हणून प्रकाशमापक दिव्याचं व्होल्टेज उतरवतो. हॅलोजनचा उजेड व्होल्टेज उतरवल्यावर पिवळसर होत जातो, त्यामुळे पांढऱ्या आकड्यांच्या पाट्या रात्री सायीच्या रंगाच्या दिसत. दिव्याचं आयुष्यही त्याने वाढे. डोळ्याला सुखावणारी आणि देखभाल करणाऱ्याला परवडणारी गोष्ट क्वचितच एक असते. इथे ती होती.

तंतूच्या टोकातून प्रकाश बाहेर पडतो तो पसरट शंकूत, अक्षापासून तीस-पस्तीस अंशांपर्यंत. रस्त्याला एवढा पसारा नको. ताशी १०० किलोमीटर वेगाच्या गाडीतला माणूस सेकंदाला २८ मीटर पुढे सरकतो. त्याला उजेड लांबून आणि समोरून हवा. म्हणून प्रत्येक टोकापुढे लहान भिंग बसवून तो शंकू काही अंशांवर आवळतात. आकाशाकडे आणि शेजारच्या घरांच्या खिडक्यांकडे वाया जाणारा प्रकाश वळून रस्त्यावर येतो. पन्नास वॉटमध्ये भर दुपारी दिसणारी फुली त्यामुळे शक्य होते. गाडी पाटीखाली आली की फुली एकदम नाहीशी होते. तोवर तिचं काम झालेलं असतं.

या घडणीची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. तंतू एकदा भोकात चिकटवला की पाटीचा शब्दसंग्रह कायमचा ठरला. फुली आणि बाण, किंवा चार-सहा आकडे. याहून जास्त संदेश एका पत्र्यात कोंबले की भोकांची दाटी होते आणि प्रत्येक आकृती कुठे ना कुठे तडजोड करते. हवा तो मजकूर दाखवण्यासाठी दिवा सतत पेटता ठेवून प्रत्येक ठिपक्यापुढे विजेने उघडझाप करणारी झडप बसवायची, असाही मार्ग निघाला. तो चालला, पण शेकडो हलते भाग म्हणजे शेकडो अडकणाऱ्या जागा. मला त्यात मूळ घडणीचा निवांतपणा दिसत नाही. मोकळ्या मजकुरासाठी एलईडीच योग्य, याबद्दल मला शंका नाही. १९९० च्या दशकात निळे आणि झळझळीत हिरवे एलईडी हाती आले आणि प्रश्न निकालात निघाला.

एका बाबतीत मात्र निर्णय इतका सरळ नाही. लंडनभोवतीच्या एम २५ रस्त्याच्या एका पट्ट्यावर १९९५ मध्ये लाल कड्यातली बदलती वेगमर्यादा आली. गर्दीप्रमाणे ६०, ५० किंवा ४०. असे आकडे तंतूंनी दाखवायचे, तर शून्य तिन्हींना समाईक. काटकसर करणारा म्हणेल, शून्याला एक स्वतंत्र दिवा द्या आणि तो तिन्ही वेळा लावा. जाणता घडवणारा तसं करणार नाही. तो दिवा गेला तर ६० चे ६ होतील. तो प्रत्येक संदेशाला स्वतःचं शून्य देईल, त्यासाठी तंतू जास्त लागले तरी चालतील, म्हणजे अख्खा आकडा एकाच दिव्यावर जगेल. त्या दिव्याशेजारी राखीव दिवा ठेवता येतो. पहिला गेला की दुसरा आपोआप पेटतो. दोन्ही गेले तर पाटी कोरी. चुकीचा आकडा ती दाखवू शकत नाही.

ठिपक्यागणिक स्वतंत्र उगम असलेल्या पाटीत हे साधत नाही. बल्बांच्या जुन्या पाट्यांत डावीकडचे काही बल्ब गेले की इंग्रजी 8 चा 3 होई. एलईडीतही तेच घडू शकतं, म्हणून तिथे प्रत्येक ठिपक्यावर पाळत ठेवणारं सर्किट लागतं आणि बिघाड आढळला की पाटी बंद करावी लागते. तंतूंच्या पाटीला ही पाळत लागत नव्हती. तिच्या बांध्यातच ती होती.

फुलीचं गणित वेगळं. आपल्याकडच्या टोलनाक्यांवर आता एलईडीची फुली-बाण असते. तिच्या एका भुजेतले पाच-सहा ठिपके विझलेले असले तरी चालक योग्य लेनमध्येच शिरतो, कारण तुटकी फुलीसुद्धा फुलीच वाचली जाते. तिथे ठिपक्यागणिक मरणारी पाटी अख्खी मरणाऱ्या पाटीपेक्षा जास्त उपयोगाची. त्यामुळे फुलीसाठी मी एलईडी निवडेन आणि आकड्यांसाठी तंतू.