रेघ किनाऱ्यावर का थांबते?

चक्रीवादळ किनाऱ्याकडे सरकू लागले की वर्तमानपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर एक नकाशा झळकतो. समुद्रात भोवरा, त्यातून निघालेली तांबडी रेघ, आणि रेघेच्या टोकाला किनाऱ्यावरचे एखादे गाव. हाच नकाशा कापून आपण शाळेच्या फलकावर लावतो. बीड जिल्ह्यातले घाटनांदूर पश्चिम किनाऱ्यापासून साडेतीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. तिथल्या वर्गात हा नकाशा काय शिकवतो, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेत आहोत.

वादळाचा माग काढण्याच्या शास्त्राबद्दल आमची तक्रार नाही. उपग्रहाच्या चित्रातील ढगांची गुंडाळी किती घट्ट आहे, यावरून वाऱ्याच्या वेगाचा अंदाज बांधतात. किनारा जवळ आला की डॉप्लर रडार मदतीला येते आणि हवामान खात्याची पत्रके दर तीन तासांनी, शेवटी तर तासातासाला निघतात. खात्याच्या मूळ नकाशात रेघेभोवती पुढे रुंद होत जाणारा शंकूही असतो. वादळाचा मध्य त्या पट्ट्यात कोठेही असू शकतो, असा त्याचा अर्थ. बातम्यांत येईपर्यंत हा शंकू बहुधा गळून पडतो आणि अंदाजाची रेघ आगगाडीच्या रुळासारखी पक्की दिसू लागते.

‘निसर्ग’ वादळाचे उदाहरण घ्या. १ जून २०२० रोजी अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तीव्र झाला, २ तारखेला त्याचे चक्रीवादळ झाले आणि ३ तारखेला, किनारा गाठता गाठता, तीव्र चक्रीवादळ. बातम्यांचा रोख मुंबईकडे होता. वादळ धडकले अलिबागच्या दक्षिणेस, आणि नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या त्या श्रीवर्धन, दिवेआगर, दापोली या भागात.

परंतु घाटनांदूरच्या दृष्टीने खरे उदाहरण त्यानंतरचे, ‘गुलाब’चे. २६ सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळी हे वादळ आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमच्या उत्तरेस किनारा ओलांडून आत आले. वाऱ्याचा वेग ताशी ७५ ते ८५ किलोमीटर, म्हणजे वादळांच्या प्रतवारीत अगदी खालची पायरी. वादळ ओसरले, असे म्हणून प्रेक्षक मोकळे झाले. नकाशापुस्तक उघडून पाहा : कलिंगपट्टणम आणि घाटनांदूर जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर येतात. मधले अंतर सुमारे ८०० किलोमीटर. गुलाबचा अवशेष तेलंगण ओलांडून २८ तारखेला पश्चिम विदर्भावर होता, आणि त्याच दिवशी मराठवाड्यात नद्यांना महापूर आले. मांजरा धरणाचे सर्व १८ दरवाजे उघडावे लागले. पाणी पात्र सोडून शिवारात शिरले. काढणीला आलेले सोयाबीन पाण्याखाली गेले. हवामान खात्याने मराठवाड्याला मुसळधार पावसाचा इशारा दिलेला होता, हे नमूद केले पाहिजे. तो पत्रकात होता. लोकांच्या डोळ्यांसमोर राहिलेल्या नकाशात नव्हता.

येथे दोन गोष्टी मुलांना सांगायला हव्यात. चक्रीवादळाची प्रतवारी केवळ वाऱ्याच्या वेगावर ठरते. ६२ ते ८८ किलोमीटरपर्यंत ‘चक्रीवादळ’, त्यापुढे ‘तीव्र’, ‘अतितीव्र’ वगैरे. पाऊस किती पडेल हे त्या नावात नसते. उबदार समुद्रावरील बाष्प मिळेनासे झाले आणि जमिनीचे घर्षण सुरू झाले की वारा लवकर मंदावतो, पण बाष्पाने भरलेली हवा तशीच पुढे सरकते. मोसमी वारे अजून वाहत असतील तर तिला वाटेत नवे बाष्पही मिळते. सप्टेंबरअखेर जमीन आधीच भिजलेली, तळी भरलेली. तेव्हा पडेल ते पाणी वाहूनच जायचे.

दुसरी गोष्ट रेघेबद्दल. रेघ असते मध्याची. पावसाळ्यात पश्चिमेकडे सरकणाऱ्या अशा कमी दाबाच्या क्षेत्रात सर्वांत जास्त पाऊस बहुधा मध्याच्या नैऋत्येस पडतो. म्हणून मध्य विदर्भावर असताना मराठवाडा बुडाला. आमच्या गावावरून रेघ गेली नाही म्हणजे आम्ही सुटलो, असा निष्कर्ष मुले काढत असतील तर दोष मुलांचा नाही.

छापील नकाशा टाकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. त्यावर भर घाला. पत्रकातून मध्याचे अक्षांश-रेखांश घेऊन ठिपके किनाऱ्याच्या आतही मांडत जा. कृषी खाते महसूल मंडळांच्या पावसाचे आकडे प्रसिद्ध करते. ते दुसऱ्या रंगाने त्याच नकाशावर भरा. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की सरकारदरबारी अतिवृष्टी धरतात. अशी मंडळे लाल करून पाहिली की लाल पट्टा आणि ठिपक्यांची रांग एकमेकांवर बसत नाहीत. वर्गात चर्चा सुरू व्हायला तेवढे पुरे.

गुलाबची गोष्ट मराठवाड्यातही संपली नाही. अवशेष गुजरातवरून अरबी समुद्रात उतरला, उबदार पाण्यावर पुन्हा बळावला, १ ऑक्टोबरला त्याला ‘शाहीन’ हे नवे नाव मिळाले आणि ३ तारखेला तो ओमानच्या किनाऱ्यावर धडकला. बातम्यांतील शाहीनची रेघ अरबी समुद्रात सुरू होते, गुलाबची आंध्रच्या किनाऱ्यावर संपते. मधल्या कोऱ्या जागेत तेलंगण, मराठवाडा आणि विदर्भ आहेत.