कंपनी माझी, मग काम कुणाचं?

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुणाने मला जिन्यात गाठलं. तो व्हिडिओ गेमसाठी चित्रं काढतो, नोकरीत आहे. म्हणाला, "सर, नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढावी म्हणतो. निदान काम तरी माझं होईल." तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस 'माझं' या शब्दापाशी अडखळतोच. तेव्हा मला काही नीट सांगता आलं नाही. आज प्रयत्न करतो, आणि त्यासाठी फुमितो उएदा या जपानी कलावंताचं उदाहरण घेतो.

उएदा 1993 मध्ये ओसाकाच्या कला विद्यापीठातून बाहेर पडले, 1995 मध्ये 'वार्प' नावाच्या गेम कंपनीत लागले आणि 1997 मध्ये सोनीत गेले. तिथे त्यांनी 'इको' (2001) आणि 'शॅडो ऑफ द कोलोसस' (2005) हे दोन गेम दिग्दर्शित केले.

'इको' मी नातवाच्या मदतीने थोडा खेळून पाहिला. शिंगं असलेला एक मुलगा एका मुलीला किल्ल्याबाहेर काढतोय. तिची भाषा त्याला येत नाही. बटण दाबून ठेवलं तोवर तिचा हात आपल्या हातात, बोट उचललं की हात सुटला. पडद्यावर गुण नाहीत, आयुष्य मोजणारी पट्टी नाही. दुसऱ्या गेममध्ये सोळा महाकाय प्राणी आणि बाकी सगळा ओसाड प्रदेश. ना गाव, ना किरकोळ शत्रू. उएदांची पद्धत वजाबाकीची आहे. आपल्याला 'नेति नेति' आठवेल. पण बघा, उपनिषदातला साधक एकटा असतो. इथे वगळलेल्या गोष्टीवरही कुणीतरी महिनोन्‌महिने राबलेलं असतं, त्याचा पगार झालेला असतो. म्हणजे वगळण्याचा अधिकारसुद्धा कुणाच्या तरी पैशावर उभा असतो.

आणि त्या अधिकाराला मर्यादा असते. 'इको'च्या वेष्टनावरचं चित्र उएदांनी स्वतः रंगवलं, दे किरिको या चित्रकाराच्या छायेत. जपान आणि युरोपात ते छापलं गेलं. अमेरिकेत मात्र वेगळंच चित्र लावून गेम विकला गेला. कलाकृती तीच, पण दुकानातला तिचा चेहरा निराळा.

तिसरा गेम 'द लास्ट गार्डियन'. तो 2009 मध्ये जाहीर झाला. 2011 मध्ये उएदांनी सोनीची नोकरी सोडली, पण दिग्दर्शन कराराने चालू ठेवलं. पुढे जुन्या सहकाऱ्यांना घेऊन 'जेनडिझाइन' ही कंपनी काढली आणि डिसेंबर 2016 मध्ये तो गेम सोनीनेच बाजारात आणला. म्हणजे काय झालं? नोकरी सुटली, काम सुटलं नाही.

या गेममधला त्रिको हा अवाढव्य प्राणी हुकूम दिल्याबरोबर ऐकत नाही. त्यावर पुष्कळ टीका झाली, कॅमेऱ्यावरही झाली. कॅमेऱ्याची तक्रार मला रास्त वाटते. त्रिकोची नाही. बटणासरशी वळणारा प्राणी म्हणजे नुसतं वाहन. त्रिको आपल्या मालकीचा नाही, हे खेळणाऱ्याला जाणवतं आणि म्हणूनच तो जवळ आला की बरं वाटतं.

2020 मध्ये एपिक गेम्सने जेनडिझाइनच्या पुढच्या गेमचं प्रकाशन स्वीकारलं. अटी जाहीर होत्या: निर्मितीचा खर्च एपिक करणार, कृतीची मालकी आणि कलेवरचं नियंत्रण निर्मात्याकडे राहणार, खर्च वसूल झाल्यावर नफ्यातला निदान निम्मा वाटा निर्मात्याचा. त्या गेमची पहिली झलक दिसली डिसेंबर 2024 मध्ये. अटी चांगल्याच आहेत. पण आधी वसुली, मग नफा. मालकी मिळाली तरी कलावंत पैसे पुरवणाऱ्याशी बांधलेला राहतोच.

आता 'माझं' या शब्दाकडे येऊ. त्यात तीन गोष्टी मिसळल्या आहेत: कर्तृत्व, नियंत्रण आणि स्वामित्व. 'इको'चं कर्तृत्व उएदांचं होतं, ते नोकरीत असतानाच. नियंत्रण बऱ्यापैकी होतं, पण वेष्टनापाशी संपलं. स्वामित्व सोनीचं होतं. कंपनी काढल्याने या तिसऱ्या गोष्टीची वाट मोकळी होते. पहिली कंपनीमुळे मिळत नाही, आणि नोकरीमुळे जातही नाही.

जॉन लॉक म्हणतो, वस्तूत आपले श्रम मिसळले की ती आपली होते. पण गेममध्ये अनेकांचे श्रम मिसळलेले असतात. तेव्हा त्या तरुणाला माझं सांगणं एवढंच: कंपनी जरूर काढ. फक्त करार वाचताना या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासून बघ. आणि उद्या तुझ्याकडे चित्रं काढायला एखादा मुलगा लागेल, तोही एक दिवस म्हणेल, "निदान काम तरी माझं असावं." त्याला काय उत्तर देणार, ते आजच ठरवून ठेव.

थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.